घरगुती कारण

मंगळवार, ९ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आत्या माझ्यावर हुकूम सोडते आहे, म्हणजे तीही ठीक. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला होता, तो काल दुरुस्त झाला. अक्षर बघून हसू नकोस. कोंबडीचे पाय असले तरी कोंबडी आपल्याच घरची आहे. फोन केला असता, पण मी अडखळलो की तू माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतेस. आज मला माझी वाक्यं मीच संपवायची आहेत. टपालानं पोचेपर्यंत तुझ्या अर्जाची शुक्रवारची मुदत टळेल, म्हणून आत्या या कागदांचे फोटो काढून पाठवेल.

तुझं कव्हर लेटर वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. राग मानू नकोस, पण बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये असताना माझ्या टेबलावर ते आलं असतं, तर मी बाजूला ठेवलं असतं. माणसं निवडायचं काम माझ्याकडे होतं तेव्हा अर्जांचा ढीग यायचा आणि त्यातला प्रत्येक जण कष्टाळू, प्रामाणिक आणि जिद्दी असायचा. एवढी गुणी माणसं असूनही गाड्या भररस्त्यात का बंद पडायच्या, ते मला कधी कळलं नाही. मी एकच बघायचो, या माणसानं हातानं काय केलं ते कुठं लिहिलंय का? एकानं लिहिलं होतं, 'बसचं दार लागत नव्हतं, बिजागरीखाली पत्र्याची चकती घातली, मग लागलं.' त्याला मी लगेच बोलावून घेतलं.

तुझ्या पत्रातही तू कष्टाळू आहेस, जिद्दी आहेस, आणि तुला म्हणे सर्वांना सोबत घेऊन काम करायची आवड आहे. लहानपणी हातातला पाना कुणाला द्यायची नाहीस, ते मी कंपनीला कळवत नाही. पण ती कंपनी दुखण्यातून उठणाऱ्या माणसांसाठी साधनं बनवते, त्यासाठी तिला इंजिनिअर हवी आहे, आणि तू शेवटी एका ओळीत उरकलंस: 'घरगुती कारणास्तव दोन वर्षे नोकरीत खंड.'

आधीच्या मुलाखतींत याच ओळीवर गाडी अडली, हे मला माहीत आहे. बापाचं दुखणं चारचौघांत कशाला, असंही वाटलं असेल तुला. मीही त्या दिवसांबद्दल कुणाशी बोलत नाही. तुझ्याशीसुद्धा नाही.

आज बोलतो. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा मला जगायचं नव्हतं. तू चांगली नोकरी सोडून आलीस. दारांच्या गोल मुठी काढून लांब दांड्याच्या बसवल्यास, कोपरानं उघडतील अशा. चमच्याला सायकलची मूठ चढवलीस. ती पहिली मूठ फसली, सगळं जेवण माझ्या सदऱ्यावर. मग बोटांच्या मापानं दुसरी कोरलीस.

आणि तो नळ! माझी खुर्ची स्वयंपाकघरात ओढायचीस आणि गळणाऱ्या नळाचा नट आवळायचा सोडून सैल करत बसायचीस. रोज. मी आतल्या आत चडफडायचो. एवढी शिकलेली माझी मुलगी, आणि हिला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळू नये? शेवटी एकदा तोंडातून निघालंच, "उलटं! बावळट!" कित्येक महिन्यांनी मी माझा आवाज ऐकला. तू पाना टाकून रडायला लागलीस. मला वाटलं, शिवी लागली. तू मुद्दाम करत होतीस, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. मग बावळट कोण?

याला तू खंड म्हणतेस? अगं, त्या कंपनीचं काम तू आपल्या घरात करून बसली आहेस. सगळं लिही. मुठी, चमचा, नळ. पहिली मूठ फसली तेही लिही. माझी लाज राखायला जाऊ नकोस, मला लाज वाटत नाही. असा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी तो वर्कशॉपभर मिरवला असता, आणि खालची सही कुणाची ते सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं.

चौकशीसाठी कुणाचं नाव मागितलं तर माझा नंबर दे. मी अडखळेन, पण बोलेन.

इकडची काळजी करू नकोस. काल तो नट मीच आवळला. उजव्या हातानं, सुलट.

तुझं घरगुती कारण,
बाबा