वाळ्याच्या खड्ड्यात तलावाचा गाळ

९ जुलै, रविवार
भाऊजी वर मलाच म्हणतेत, "वैनी, उपकार मानायचे सोडून भांडता कावून?" कसले उपकार! दीर सरपंच झाले म्हणून काय बी करतेल का? गॅरेजपुढचं तेलकट पावसाचं पाणी आमच्या आडात उतरायचं, म्हणून आमी चौघी बायांनी कंबरभर खड्डा केलता. खाली खडी, वर जाड वाळू, वाळूत वाळा अन् कर्दळ. घाण वरच अडकती, गाळलेलं पाणी खालच्या नळीनं आडाकडं. दोन पावसाळे झ्याक चाललं. काल भाऊजीनं तलावाचा गाळ ट्रॉलीभर आणून वर वतला. "वाळूत झाडं उपाशी हायती." शेत हाय का ते?

११ जुलै, मंगळवार
पाऊस झाला. काळी माती फुगून बसली, थेंब जिरंना. सगळं पाणी काठावरून तेलासगट आडात. चंद्रीनं बादलीत तोंड घातलं, शिंकली, मागं सरली. शेळीला कळतं, सरपंचाला न्हाई. मी तोंडावरच बोलले. भाऊजी हसले. मी न्हाई.

१३ जुलै, गुरुवार
चौघी खोरं घिऊन उतरलो. शेजारची शांता म्हणली, "तुझ्या दिरालाच लाव की खड्ड्यात, कर्दळीच्या जागी." हसून हसून पोट दुखलं. गाळ निघाला, पण वीतभर वाळू बी त्याच्यासंगं गेली. वाळा जित्ता हाय. मुळं पांढरीफेक. कर्दळीला कळी. आड मोटर लावून उपसला. पाठ गेली, पण झोप...

१५ जुलै, शनिवार
सकाळी जोराचा पाऊस. खड्ड्यातलं पाणी चहा होस्तोवर खाली गेलं! उभी राहून बघत बसले, चहा उतू गेला. वाळू कमी हाय म्हणून आडावर अजून तेलाची जराशी चकाकी. चंद्री प्याली. नाक मुरडून, पण प्याली.
दुपारी भाऊजी. "वैनी, माझ्या दारात गाळाचा ढीग कुणी केला?"
"मीच. तुमाला लई आवडतो ना."
त्येंच्या मागं जाऊबाई खुदुखुदू.
वहीचं पान फाडून हातात दिलं, इथं बी लिवून ठेवते: जाड धुतलेली वाळू, एक ट्रॉली. आणता का न्हाई, मंगळवारच्या आत सांगा. तवर ढीग तिथंच.