आठवा पट्टा

४ नोव्हेंबर

आले एकदाची! सामानाच्या दोऱ्याही सोडल्या नाहीत, पण रोजनिशी आधी. धाकटा म्हणतो, ताईला बोलायला माणूस मिळालं नाही की ती कागदाला पकडते. म्हणू दे. त्याच्याच पायी इथं आले. त्याला मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचं काम लागलं, आणि नेमकं त्याच सुमाराला बंदरावरच्या हवामान केंद्राला रेडिओवर समुद्रवार्ता वाचणारं माणूस हवं होतं. मी इतकी वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्या. आता बसऐवजी बोटी, एवढाच काय तो फरक!

केंद्राच्या मागेच दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीतून धक्का दिसतो. दारात काथ्याचं नवं पायपुसणं टाकलं आणि धाकट्याला बजावलं, पाय पुसल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आई गेल्यापासून हेच सांगतेय. आजही पठ्ठ्या ओल्या पायांनी थेट चुलीपाशी, वर दात काढतो. लाडावून ठेवलंय मीच.

६ नोव्हेंबर

काम सोपं आहे. भिंतीवरच्या नकाशात समुद्राचे सात पट्टे आखलेत. अंदाजवाल्या बाई सकाळ-संध्याकाळ कागद पाठवतात: वारा कुठून, लाटा किती उंच, गडगडाटी ढग कुठं, हवेचा दाब चढतोय की उतरतोय. आपण स्वच्छ वाचायचं. एक पट्टा वाचला की थांबायचं. त्या पट्ट्यातल्या बोटी रेडिओचं बटण दोनदा दाबतात, टक टक, म्हणजे ऐकलं. बोलत कुणी नाही.

शिकवायला जुने वाचक आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. घसा बसला म्हणून काम सोडतायत. सातवा पट्टा झाल्यावर ते घोगऱ्या आवाजात पुढे म्हणाले, "पट्टा आठवा. समुद्र शांत. वारा नाही. घाई नको, आहात तिथंच थांबा." मी कागद पाहिला, नकाशा पाहिला. आठवा पट्टा कुठंच नाही! विचारलं तर म्हणाले, माझ्या आधीचे वाचायचे, मी वाचलं, आता तू वाच आणि कधी गाळू नकोस. त्यावरही टकटक आली. पुष्कळ, बारीक, पत्र्यावर थेंब पडावेत तशी. रेडिओची खरखर असावी.

१० नोव्हेंबर

आजपासून मी एकटी. काका घसा दाखवायला लेकीकडे गेलेत. सहाव्या पट्ट्यात धाकट्याची बोट आहे. सगळे दोनदा दाबतात, हा तीनदा दाबतो! ताईसाठी एक जास्तीचं, म्हणे. नियमात बसत नाही असं मी घरी आल्यावर सुनावलं. खरं सांगू? तो तिसरा टक ऐकला की जीव भांड्यात पडतो. याला पोहता येत नाही आणि साहेब निघालेत समुद्रावर.

१४ नोव्हेंबर

आजपासून आठवा पट्टा बंद. ज्या पाण्याचा अंदाजच कुणी काढलेला नाही, ते शांत आहे असं मी कशाच्या जोरावर सांगू? उद्या त्यावर विसंबून कुणी बुडालं तर? मी अंदाजवाल्या बाईंनाही विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे असलं काही नाही, काकांची जुनी सवय असेल. झालं तर मग. कागदावर असेल तेवढंच वाचायचं.

सातवा पट्टा संपवून मी थांबले. खरखर नाही, काही नाही. सगळे कान देऊन बसलेत असं मात्र वाटलं.

१७ नोव्हेंबर

वारा साफ पडलाय. दाब मात्र उतरत चाललाय. अंदाजवाल्या बाई चक्रावल्यात. म्हणतात, दाब असा उतरला की वारा सुटायला हवा, इथं पान हलत नाही. पाणी तव्यावरच्या तेलासारखं पसरलंय. धाकटा सकाळीच तीन-चार दिवसांच्या फेरीवर गेला. जाऊ नको म्हटलं, तर म्हणाला, तूच तर वाचलंस, लाटा नाहीत.

आता सातव्या पट्ट्यानंतर टकटक येते. मी काहीच न सांगता. आणि ती जवळून येते.

१८ नोव्हेंबर

गल्लीतली पाववाली नाहीशी झाली. तिचा नवरा कधीकाळी बोटीसकट गेलेला, तेव्हापासून एकटीच दुकान चालवायची. सकाळी पाव आणायला गेले तर दार सताड उघडं, भट्टी पेटलेली, पाव जळून कोळसा. फरशीवर पाणी. बोट लावून चाखलं, खारट. धक्क्यापासून दारापर्यंत ओली पावलं एका माणसाची. परत जाताना दोघांची.

लोक म्हणतात, बहिणीकडे गेली असेल. कुणी पावलांकडे नीट पाहिलंच नाही. मी पाहिलं.

१९ नोव्हेंबर, दुपार

काका आले. मी वाक्य गाळल्याचं कळल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं. आवाज फुटत नाही, कानाशी लागून बोलले. आठव्या पट्ट्यात परत न आलेले असतात. आपण गेलोय हे त्यांना ठाऊक नसतं. रोज कुणी सांगितलं की थांबा, समुद्र शांत आहे, तर थांबतात. नाही सांगितलं तर त्यांना वाटतं, हवा बिघडली, घरी चला. मग ते घरी येतात. जे कुणी दार उघडेल त्याला सोबत नेतात.

मला आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी ओरडले. म्हणाले, सांगितलं असतं तर तू हसली असतीस. हसलेच असते.

संध्याकाळच्या वार्तेत वाचणार. शपथ.

तेवढ्यात धाकट्याचा निरोप आला रेडिओवर. म्हणाला, ताई, इथं अवतीभवती खूप बोटी आहेत, एकीचंही इंजिन चालू नाही, तरी सगळ्या किनाऱ्याकडे निघाल्यात. एकीवरचा माणूस हात करतोय, जवळ जाऊन बघतो.

जाऊ नको म्हणून मी किंचाळले. बटण दाबायचंच राहिलं होतं. दाबलं तेव्हा पलीकडे नुसती खरखर.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

सहावा पट्टा वाचला. थांबले. बाकीच्यांचे दोन दोन टक आले. त्याचे नाही. परत वाचला. नाही.

सातवा वाचला.

मग "पट्टा आठवा" म्हटलं. आणि मी पुढे काही म्हणायच्या आत —

टक. टक. टक.

तीनदा.

काका हात जोडून उभे. वाच, वाच म्हणून खुणा करतायत. सांगायचं तरी काय मी? माझ्या पोराला? आहेस तिथंच थांब? अंगाखांद्यावर वाढवलाय त्याला, अंधाराला भितो म्हणून दिवा ठेवायचे उशाशी —

मी म्हटलं, ये रे राजा. घरी ये.

काकांनी कपाळावर हात मारला आणि निघून गेले.

२० नोव्हेंबर

सकाळ. ऊन लख्ख. धक्क्यावर चिटपाखरू नाही. गल्लीतली दारं बंद. काकांच्या दारावर आडवी फळी ठोकलेली.

पाणी तापवून ठेवलंय. त्याचा टॉवेल, कोरडे कपडे. वेडी आहे मी. माहीत आहे मला. तरी ठेवलेत.

पायरीवर पावलं वाजली.

"ताई."

त्याचाच आवाज. त्याचाच! दार उघड म्हणतोय. थंडी वाजतेय म्हणतोय —

उठले. कडीला हात घातला. आणि ऐकलं. तो पाय पुसतोय.

जन्मात कधी पुसले नाहीत. आता पुसतोय. सावकाश, घासून घासून. दाराखालून पाणी आत आलंय, माझ्या बोटांपर्यंत —

अजून पुसतोच आहे. एका माणसाचे पाय पुसायला इतका वेळ लागत नाही. मी म्हटलं होतं, घरी ये. सगळ्यांनीच ऐकलं की ते. आठव्या पट्ट्यातल्या सगळ्यांनी —

पुन्हा "ताई" म्हणाला. रडतोय. माझ्याच्यानं राहवत ना