दुसरा ताप

वाळूज,
१८ सप्टेंबर २०२५, सकाळी ६.१०
(आईच्या कपाळावरची पट्टी बदलत)

ती. विशाखाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोन केला की ‘प्रयोग चालू आहे, मग बोलते’ म्हणतेस, म्हणून पत्र. आईला पुन्हा मलेरिया झाला. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा.

पाच वर्षं तू पुण्यात त्या जंतूचं एक प्रथिन घेऊन बसली आहेस. त्या प्रथिनानं तो तांबड्या पेशीला धरतो आणि आत घुसतो, हे गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. आपल्या आईच्या पेशीत घुसला तेव्हा कुठं होतीस? मी बारावी नापास. तरी टाकी, कूलर दर रविवारी कोरडा करतो. मागच्या तापात आईला दिलेल्या चौदा दिवसांच्या गोळ्यांच्या चौदा फुल्या कॅलेंडरवर आहेत. मग हा डास आला कुठून, ते कळव.

तुझा, अभय

पुणे, २१ सप्टेंबर

चि. अभयला अनेक आशीर्वाद.

तुझा राग आला. खरं लिहिलंस म्हणून माझाही आला.

मी बघते ती फक्त पेशीत शिरण्याची घडी. प्रथिनाची पकड बसली नाही तर जंतू बाहेरच मरतो. ती पकड मोडायचं औषध अजून आमच्या हाती नाही. पण आईला झालेला मलेरिया यकृतात दडूनही बसतो. दुसऱ्या तापाला नवा डास लागतोच असं नाही. चौदा दिवसांच्या गोळ्या त्या दडलेल्यांसाठीच असतात.

फुल्या पुरेत. आई गिळताना तू पाहिलंस का? गोळ्यांचं पाकीट शोध. आईला डॉक्टरांकडे ने, मनानं काही देऊ नकोस.

रागावलेली, पण तुझीच, ताई

वाळूज, २७ सप्टेंबर, दुपारी २.४०
(कंपनीतली पाळी बुडवून)

ती. ताईस जयभीम.

पाहिलं नव्हतं. कामाला निघताना दारातून विचारायचो, ती व्हय म्हणायची, मी फुली मारायचो.

पाकीट तुझ्यासाठी भरलेल्या कुरडयांच्या डब्यात सापडलं. चार घरं रिकामी, दहा गोळ्या तशाच. मी इतका ओरडलो की शेजारच्या मनकर्णाबाई धावत आल्या. आई म्हणाली, ताप तर चौथ्या दिवशीच उतरला व्हता. पोरगी तिकडं दिवसभर त्याच जंतूत हात घालून बसती, तिला लागला तर गोळ्या कोण देईल? मनकर्णाबाई म्हणाल्या, बरोबरच हाय. मग त्यांच्यावरही ओरडलो.

तुला लिहिलेलं मागं घेत नाही. गल्लीला प्रथिन समजावलंस, आईला गोळी नाही. मीही नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासून पहिल्यापासून सुरू केलं. आज तिसरा दिवस. गिळल्यावर तोंड उघडायला लावतो. ती जीभ काढून मला वेडावते. मगच फुली.

जुन्या दहा गोळ्या आरोग्य केंद्रात परत द्यायच्या आहेत. आई म्हणते, नऊ दे, एक तरी विशाखाला ठेव.

राग आहे तसाच आहे. लोभही तसाच समजावा.

अभय