ओवीचं तपकिरी फुलपाखरू

प्रिय स्वाती,

सासूने सुनेला पत्र लिहायचं, आणि तेही अशा वेळी! तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेच आहे. आज लिहायला बसले, कारण आज जे घडलं ते आधी तुलाच सांगायला हवं. महेशला अजून काही माहीत नाही. तो कामासाठी श्रीरामपूरला गेलाय, संध्याकाळी येईल.

दुपारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची झोया आणि तिच्यामागे बिल्डिंगमधली चार-पाच पोरं. झोया म्हणाली, "आजी, स्वातीकाकूंकडे आमची फुलपाखरं राहिलीत. पूर्ण करायची होती."

तुझा रविवारचा वर्ग! जिन्याजवळ सतरंजी टाकून तू पोरांना घेऊन बसायचीस. सावेडीच्या या फ्लॅटमध्ये मला तेवढ्यापुरतं कर्जतच्या आपल्या अंगणासारखं वाटायचं.

दिवाणाखालचं खोकं काढलं. पुठ्ठ्याची मोठमोठी फुलपाखरं. कुठल्याशा उष्ण देशातल्या घनदाट जंगलातलं हे फुलपाखरू, असं तू मोबाईलवर दाखवलं होतंस. पंख मिटले की झाडाच्या सालीसारखं तपकिरी, उघडले की निळंभोर. तपकिरी बाजू आणि तिच्यावरचे डोळ्यांसारखे ठिपके तू करून घेतले होतेस. निळी बाजू पुढच्या रविवारी, म्हणालीस. त्याच आठवड्यात तुला दवाखान्यात नेलं.

किती महिने पोटात दुखत होतं गं? मी विचारलं की "ॲसिडिटी आहे हो आई" म्हणून हसायचीस. माझ्या गुडघ्यांना मात्र रोज तेल चोळायचीस. एकदा तरी सांगायचंस ना!

पोरांना सतरंजी टाकून दिली. मला कुठलं येतंय रंगवायला? पण झोयाला तुझं सगळं लक्षात होतं. आधी काळी कड, मग आतून निळा, तो ओला असतानाच थोडा पांढरा ओढायचा. मिशांना खराट्याच्या काड्या. हळूहळू पोरं हसायला, भांडायला लागली.

आपली ओवी मात्र तिचं फुलपाखरू मांडीवर पालथं घेऊन बसली होती. तपकिरीवर पुन्हा तपकिरीच रंग देत होती. झोयाने निळ्या रंगाची वाटी पुढे केली, तर हिने ती मागे सारली. मी जवळ जाऊन विचारलं, तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "निळा आई आल्यावर. आम्ही दोघी मिळून करणार आहोत."

महेशने तिला सांगितलंय, आई देवाच्या गावाला गेली. त्याचा तरी काय दोष? दुसरा शब्द त्याच्या तोंडून निघतच नाही. पण लेकराला काय कळणार! तिला वाटतं, गावाला गेलेलं माणूस एसटीने परत येतं.

पोरं आपापली फुलपाखरं घेऊन गेल्यावर मी तिला मांडीवर घेतलं. म्हणाले, "ओवी, तुझी आई मेली, बाळा. ती आता येणार न्हाई. तिला यावंसं वाटत न्हाई, असं न्हाई गं. तिला येताच येत न्हाई."

तिने विचारलं, "तू पण मरशील?"

"कधीतरी मरीन. आज न्हाई."

मग रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. माझा पदर मुठीत धरून, अंग थरथरेपर्यंत रडली. मीही रडले. रडता रडता ती तशीच झोपली. उठल्यावर भूक लागली म्हणाली. वरणभात खाल्ला, वर पापड मागितला. तुला खरं वाटेल? कित्येक दिवसांनी पोरीने मागून खाल्लं.

फुलपाखराला निळा रंग तिने दिला नाही. मीही दे म्हटलं नाही.

मी केलं ते बरोबर केलं का गं? तू आई आहेस तिची, तू कसं सांगितलं असतंस? हे विचारायला तूच नाहीस.

आता महेश आला की त्यालाही समोर बसवणार आहे. माझ्यावर रागावेल, मग रडेल. रडू दे. त्याचंही रडायचं राहिलंच आहे.

तुला एकच शब्द देते. ओवी तुझ्याबद्दल जे विचारेल, ते खरं सांगेन. तू कशाला हसायचीस, कशावर चिडायचीस, शेवटी किती सोसलंस, सगळं. आणि ज्याचं उत्तर मला येणार नाही, तिथे "मला न्हाई माहीत" म्हणेन. पण देवाचं गाव पुन्हा सांगणार नाही.

तुझी,
आई