पाच की दहा

मंगळवार, १८ नोव्हेंबर. मरोळ.

संध्याकाळी सावंतकाका आले आणि आल्या आल्या मुद्दाम तोच जुना वाद उकरून काढला. अण्णा पोलिसातले, त्यांची लाडकी थ्री-नॉट-थ्री रायफल. काका रायफल क्लबवाले, त्यांना जर्मन माउझरचं वेड.

"माउझरसारखा नेम नाही रे! तुझी ती नुसती काठी!"

अर्धांगाच्या झटक्यानंतर आज पहिल्यांदा अण्णांचे डोळे चमकले. त्यांचं उत्तर मलाही पाठ आहे: माउझरमध्ये गोळ्या पाच, आमच्यात दहा. अण्णांनी सगळा जोर लावला आणि तोंडातून आलं, "पाच." चुकलं, हे त्यांनाच कळलं. परत, "पाच." उजवा हात उचलवतच नाही, म्हणून डाव्याने हवेत रायफलचा बोल्ट ओढत राहिले. "पाच, पाच!"

मी 'दहा' म्हणायला हवं होतं का? की तेवढं तरी त्यांचं त्यांना म्हणू द्यायचं? चहाचा कप धरून नुसती उभी.

शेवटी काका म्हणाले, "बरं बाबा, तुझीच भारी." अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी काकांना सोडायला बाहेर गेले. लिफ्ट आली तरी ते आत जाईनात. म्हणाले, "मी हरायला नको होतं गं."