पिवळी पडायला हवी होती ती रांग

मंगळ., ९ डिसें., धुळे
सूनबाईचा, स्वातीचा, हरभरा महिन्याचा झाला. कॉलेजच्या शेडनेटमध्ये कुंड्यांच्या दोन रांगा. धुतलेली वाळू, नत्र अजिबात नाही. पुढच्या रांगेच्या मुळांना धडके जिवाणू, मागच्या रांगेला दार मोडलेले.
नाश्त्याला समजावत होती. झाड मुळाच्या गाठीतल्या जिवाणूला मॅलिक आम्ल देतं, तो झाडाला नत्र देतो. पण आम्ल जिवाणूच्या पटलातून आपसूक आत जात नाही. आत नेणारं एक प्रथिन लागतं, तेच दार. ते बिघडलं की जिवाणू उपाशी आणि झाड पिवळं.
म्हटलं, आमच्या बी.एस्सी.ला पटल म्हणजे एक रेघ काढायची नि पुढे जायचं.
"आई, माझी सगळी पीएच.डी. त्या रेघेत अडकलीय."
पोहे अर्धे टाकून पळाली. डबा विसरली. नेऊन दिला.

शुक्र., १२ डिसें.
मागची रांग पिवळी. स्वाती खूश. ह्यांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, मुद्दाम दाखवायला नेलं. जेवताना ह्यांनी विचारलं, "पोरी, मागची रांग नापास का?"
"आबा, ती पिवळी पडली म्हणून तर मी पास."
ह्यांनी भाकरी कुस्करली. जन्म बँकेत गेला, पण अमळनेरकडचं शेत अंगातून जात नाही.

सोम., १५ डिसें.
स्वाती जळगावला, गाइडकडे. प्रबंधाचं काम, आठवडाभर तरी. कुंड्यांना पाणी घालायचं काम ह्यांनी मागून घेतलं. मोजून पाणी, बाकी काही नाही, असं तिने बजावलं. वर मीही बजावलं.

बुध., २४ डिसें.
आली. मागची रांग हिरवीगार.
लगेच गाइडला फोन लावला. म्हणे दुसरं दार असणार, आम्ल आत घ्यायची आणखी एक वाट, कुणाला न सापडलेली. शेवटचं प्रकरण नव्याने लिहावं लागेल. पेढे आणते म्हणाली. मी म्हटलं, आधी नीट तपास. तोंड एवढंसं झालं तिचं. मग शिरा केला.

गुरु., २५ डिसें.
ह्यांनी कालचा शिरा खाल्ला नाही. शिऱ्याला नाही म्हणणारा माणूस नव्हे. धरून विचारलं.
"माले पिवळं देखवायनं नही. चिमूट चिमूट दिधा."
मोगऱ्यासाठी आणलेला युरिया. नत्र थेट युरियातून मिळालं, जिवाणूंनी काहीच केलं नाही. प्रयोग बुडाला.
म्हटलं, तुम्ही सांगता की मी सांगू? टोपी घालून तिच्या खोलीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. शेवटी मीच तिला हाक मारली.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "आबा, एकाच रांगेला वाढलंत? पंक्तिप्रपंच केलात." हसली. नंतर न्हाणीघरात नळ कितीतरी वेळ चालू होता. मी बंद कर म्हटलं नाही.

शनि., २७ डिसें.
तिघे शेडनेटमध्ये. मागची रांग उपटायची, नवी पेरायची. सबमिशनची मुदत मार्चअखेर. जमेल, जेमतेम. नाही जमलं तर...
हे त्याच रांगेतल्या कोपऱ्याच्या कुंडीपाशी अडले. "हिले मी काही दिधं नही. खांब आडवा, हात पुरना नही."
तीही हिरवी.
मी म्हटलं, विसरला असाल. ह्यांना खोटं बोलता येत नाही, विसरता मात्र उत्तम येतं. "नही दिधं," एवढंच.
स्वाती खाली बसली. गाठ कापली की कळेल, म्हणाली. आतून गुलाबी असेल तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरी असेल तर आबा विसरले. गुलाबी निघाली तरी पुढच्या रांगेतले धडके जिवाणू पाण्याबरोबर उडून आले नसतील कशावरून? तेही तपासायचं.
ब्लेड पिशवीत होतं. काढलं नाही. गाइडसमोरच कापणार.
सोमवारी सकाळच्या एस.टी.ने जळगाव. हे म्हणाले, "कुंडी धराले येऊ का?"
"या की. पण आबा, खिसे दाखवून बसायचं."
दोघांचा डबा करायचा आहे.