भिंगरीचा डावा गुडघा

३ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
रागात लिहिते आहे, अक्षर गोड मानून घे. मागच्या महिन्यात तुझी लेक भिंगरी आमच्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा पायांना खुणा चिकटवून मी तिला पळवलं, वळवलं, कॅमेऱ्यात टिपलं. उजवीकडे झटकन वळताना तिचा डावा गुडघा आत कलतो आणि सगळा ताण हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटवर येतो. ते तुटलं की खेळ संपल्यात जमा. तीन महिने व्यायाम, तोवर सामना नको, असं मी स्पष्ट कळवलं होतं. आणि वहिनी सांगते, महिनाअखेरच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ती पहिल्या अकरात आहे. तू प्रशिक्षक झालास म्हणून बापपणाचा राजीनामा दिलास का?
लोभ आहेच, हट्ट तेवढा आवर.
तुझी धाकटी

६ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
मला गुडघे शिकवू नकोस. तुझा अहवाल वाचून मी तिला मैदानावर वीस वेळा वळवलं. मी ‘उजवीकडे’ म्हणायचो, ती वळायची. गुडघा ओळंब्यासारखा सरळ. गुडघे माणसं मोडतात, वळणं नाही. माझा गुडघा माझ्या जिवलग मित्राच्या धक्क्यानं गेला. तू मैदानाच्या कठड्याशीच उभी होतीस. वीस वर्षं मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.
तुझा दादा

९ जून
ती. दादास,
सा. न.
कमाल आहे तुझी. आधी सांगितल्यावर कुणाचाही गुडघा शहाण्यासारखा वागतो. सामन्यात समोरची पोरगी काय कळवून येते? आम्ही प्रयोगशाळेत ऐन वेळी डावा किंवा उजवा दिवा लावतो. पेटेल तिकडे वळायचं. तूही तिला पळू दे आणि शेवटच्या पावलाला हात दाखव. मग मला खुशाल शिव्या घाल.
धक्क्याबद्दल मी वीस वर्षं गप्प आहे, आजही गप्पच राहते.
धाकटी

१३ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
हात दाखवला. तिसऱ्याच वेळी गुडघा आत गेला. ती सावरून हसत पुढे गेली, मीच शिट्टी वाजवून सराव थांबवला. तिचं नाव यादीतून काढलं आहे. आता ती माझ्याकडे मीठसुद्धा आईमार्फत मागते आणि बापच वैरी निघाला म्हणून सांगत सुटली आहे. सांगू दे.
तिचा पाय पाहिला आणि माझं वळण आठवलं. त्या मित्राचा हात माझ्या पाठीला लागला तो मी पडल्यावर, मला उचलताना. तू तेव्हाच का बोलली नाहीस, याचा मला भयंकर राग आला आहे. तो भेटीत काढीन.
लोभ आहे तसाच ठेव, आणि त्याचा पत्ता तुझ्याकडे असेल तर उलट टपाली पाठव.
तुझा दादा